औषध मारून झालं, वाळवी मात्र तिथंच!

मैत्रिणींनो, आज तुरीच्या डाळीतले सोंडे आणि रव्यातल्या अळ्या यांना सुट्टी देऊ या. घरातल्या किड्यामुंग्यांचा समाचार आपण घेतोच. डबे उन्हात घालतो, डाळीला एरंडेल चोळतो, धान्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालतो. पण आपली मुलं दिवसाचे सहा तास ज्या शाळेत बसतात, अकरावी-बारावीची दोन वर्षं ज्या होस्टेलात झोपतात, आपल्या लेकीसुना बाळंतपणाला ज्या दवाखान्यात जातात, तिथल्या किड्यांचं काय? तिथं कंत्राट दिलेलं असतं. "पेस्ट कंट्रोलवाले येतात की," असं म्हणून आपण मोकळ्या होतो. मीही होत होते.

मी नांदेडला एका जुन्या शाळेत अर्धा वेळ शिकवते. गोष्ट २०२३ च्या ऑक्टोबरातली. आठवतंय ना, त्या दिवसांत आपल्या मराठवाड्यात घरोघर एकच शोध चालला होता, जुन्या कागदांचा! कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सप्टेंबरात नेमली गेली आणि तहसील कचेऱ्या, जुन्या शाळा, सगळीकडे लोकांची रीघ लागली. इतर मागास वर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आता गरिबाघरी इतका जुना कागद असणार कुठे? ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याचा जुना कागद म्हणजे शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. दोन-चार इयत्ता शिकलेला असला तरी मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, सगळं एका ओळीत तिथं सापडतं.

असेच एक साठीचे गृहस्थ मुदखेडकडून आले. त्यांचे वडील आमच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकलेले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत नातवाचे कागद. म्हणाले, "बाई, तेवढं एक पान बघून द्या. लेकराचं पुढचं सगळं त्याच्यावर आहे." आमच्या शिपाईमामांनी ऑफिसातलं जुनं लाकडी कपाट उघडलं, खालच्या फळीवरचं रजिस्टर उचललं आणि तिथंच थबकले. "मॅडम, हलकं लागायलंय हो हाताला."

पुठ्ठा शाबूत होता. वरून पाहिलं असतं तर कुणाला शंका आली नसती. आत मात्र मातीची घरटी! पानांच्या मधोमध बोगदे, कडा कुरतडलेल्या, आणि पांढुरक्या किड्यांची लगबग. मामांनी झाडून झाडून वर्ष शोधलं. ओळ सापडली. नाव होतं, बापाचं नाव होतं, पुढचा कोपरा वाळवीनं खाल्लेला होता. त्या माणसानं पान डोळ्यांजवळ धरलं, बोटानं त्या भोकाची कड चाचपली आणि विचारलं, "ह्याच्यावर सही-शिक्का मिळंल का?" काय उत्तर द्यावं? जेवढं आहे तेवढ्याचा उतारा मोठ्या बाईंनी दिला. खासरा पत्रकात काही मिळतं का बघा, असंही सांगितलं. ते गेले. पुढे त्यांचं काय झालं ते कळलं नाही.

ते गेल्यावर मोठ्या बाईंनी फाइल काढली. "अहो, मागच्याच वर्षी आपण पेस्ट कंट्रोल केलंय!" आणि खरंच, बिल होतं. त्यावर लिहिलं होतं, 'संपूर्ण शाळा पेस्ट कंट्रोल – १ नग'. तीन कोटेशनं मागवली होती, सगळ्यात कमीचं मंजूर केलं होतं. मंजुरीच्या कागदावर तीन शिक्षिकांच्या सह्या आहेत, आणि मैत्रिणींनो, तिसरी सही माझी आहे.

त्या दिवशीचं मला चांगलं आठवतं. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर पाठीवर पंप घेतलेला एक मुलगा आला. चौदा वर्ग, ऑफिस, प्रयोगशाळा आणि स्वयंपाकाची खोली त्यानं दीड तासात उरकली. भिंतीवरची मातीची वळवळती रेघ केरसुणीनं पाडली, तिच्यावर फवारा मारला. रॉकेलसारखा वास सुटला. आम्ही पदर नाकाला लावून "चला, झालं एकदाचं" म्हणत घरी गेलो. वास आला म्हणजे औषध जालीम, अशी आपली समजूत असते ना!

आता चूक काय झाली ते सांगते, कारण नेमकी हीच चूक शंभर ठिकाणी होते. वाळवी कपाटात राहत नाही. ती राहते जमिनीत. राणी, अंडी, पिल्लं, सगळं बिऱ्हाड मातीखाली असतं. कपाटात दिसतात त्या कामकरी, म्हणजे बाजारहाट करायला निघालेल्या. उघड्या हवेत त्यांचं अंग सुकतं, म्हणून त्या मातीच्या नळीतून ये-जा करतात. ती नळी आपण झाडून टाकली आणि वर औषध मारलं, तर बाजारात गेलेल्या चार जणी मरतात. घर तसंच राहतं. दुसरी नळी कपाटामागून निघते, आणि ती आपल्याला दिसतसुद्धा नाही.

इमारत बांधून झाल्यावर वाळवीचा बंदोबस्त कसा करायचा, याचं भारतीय मानकच आहे, आयएस ६३१३, भाग ३. त्याचं सार असं, की जमीन आणि भिंत जिथं मिळतात त्या कडेनं फुटाफुटाच्या अंतरावर साधारण बारा मिलिमीटरची भोकं पाडायची, प्रत्येक भोकात लिटरभर पातळ केलेलं औषध मातीत जिरवायचं आणि मग भोकं सिमेंटनं बुजवायची. बाहेरून पायाच्या कडेनंही तेच. लाकडाच्या चौकटीला तिरपी बारीक भोकं पाडून आत औषध सोडायचं. म्हणजे इमारत आणि माती यांच्यामध्ये विषाची वेस उभी राहते. हे काम दीड तासात कसं होईल? आणि आम्ही ज्या दोन महागड्या कोटेशनांवर नाकं मुरडली होती, त्यातल्या एकात 'ड्रिलिंग' असा शब्द होता. आम्ही तो वाचला, आणि भिंतींची नासाडी नको म्हणून त्यालाच नाकारलं!

पूर्वी यासाठी आल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर अशी औषधं वापरायचे. ती मातीत वर्षानुवर्षं टिकायची, पण अंगात आणि पाण्यातही टिकायची. १९९६ साली आपल्या देशात त्यांच्यावर बंदी आली. पुढच्या वर्षी बीएचसीही गेलं. तेव्हा कुणी "जुनं, खात्रीचं औषध आहे बाई" असं म्हणत बिनलेबलाची बाटली काढली, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आता इमिडाक्लोप्रिड, बायफेन्थ्रिन अशी औषधं वापरतात. नावं अवघड आहेत खरी, पण मुलांच्या तापाच्या औषधांची नावं आपल्याला पाठ असतातच की.

कंत्राटात मोजायचं काय, हा खरा प्रश्न. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या मंत्रालयातच घडलं. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत सांगितलं, की मंत्रालयातले ३,१९,४०० उंदीर कंत्राटदारानं अवघ्या सात दिवसांत मारले असा हिशोब आहे! म्हणजे दिवसाला पंचेचाळीस हजारांवर, मिनिटाला एकतीस. मेलेले उंदीर गेले कुठे, कुणी नेले, कुणी पाहिले? सभागृह हसलं, महाराष्ट्र हसला. नंतर सरकारकडून खुलासा आला, की हा आकडा उंदरांचा नसून उंदीर मारायच्या गोळ्यांचा आहे.

खुलासा खरा धरू. तरीही माझ्यातली गृहिणी विचारते, उंदरांचं काय झालं? गोळ्या मोजल्या, उरलेले उंदीर कुणी मोजले का? मी मोलकरणीला "साबणाच्या किती वड्या संपल्या" त्यावर पगार देत नाही, भांडी निघाली का ते बघते. आमच्या शाळेचं बिलही तसलंच. '१ नग'! कशाचा नग? फवाऱ्याचा, वासाचा, की सुटकेच्या श्वासाचा?

यावर हसून झालं की इंदूरचं आठवावं. २०२५ च्या ऑगस्टअखेर तिथल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, दोन बाळांना उंदीर चावले. दोन्ही बाळं पुढे दगावली. मृत्यू कशानं झाला यावर बराच वाद झाला, पण उंदीर तिथं होते यावर वाद नव्हता. तिथंही कंत्राट होतंच. घटनेनंतर कंपनीला लाखाचा दंड झाला. ज्या आईनं बाळ काचेच्या पेटीत सुरक्षित आहे असं समजून डोळा मिटला असेल, तिला त्या लाखाचं काय?

आणि एक कडू गोष्ट आपल्या वाट्याचीही सांगते. दवाखान्यात पेशंटपाशी आपण डबा नेतो, उरलेली पोळी कागदात गुंडाळून खाटेखाली सारतो, केळ्याची सालं खिडकीतून टाकतो. उंदराला कंत्राटदार कळत नाही, पोळी कळते. दाराखालची बोटभर फट, बेसिनच्या पाइपाभोवतीचं भोक आणि रात्रीचं खरकटं, या तीन गोष्टी तशाच राहिल्या तर गोळ्यांचा ट्रक ओतला तरी उंदीर संपत नाहीत. अर्धा इंच फटीतून उंदराचं पिल्लू सहज आत येतं.

उंदरांवरून आठवलं. किल्लारीचा भूकंप १९९३ चा, आणि पुढच्याच वर्षी, १९९४ च्या ऑगस्टात, बीड जिल्ह्यातल्या मामला गावी प्लेग निघाला. मग सप्टेंबरात सुरत. मी तेव्हा बालवाडीत होते. नाकाला रुमाल बांधलेली माणसं एवढंच आठवतं. पण आई अजून सांगते, "पडलेला उंदीर दिसला की लांब व्हायचं, हात लावायचा नाही." आईचं बरोबरच होतं. प्लेग माणसाला होतो तो उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे. उंदीर मेला की पिसवा थंड अंग सोडून गरम अंग शोधतात. म्हणून अशा वेळी आधी पिसवांसाठी भुकटी मारायची आणि मगच उंदीर मारायचे, हा क्रम. ज्याला हा क्रम माहीत आहे तो जाणकार. नुसता पंप पाठीवर घेतला की कुणी जाणकार होत नाही.

आता लातूरची गोष्ट. माझी पुतणी तिथं अकरावीला गेली. लातूर पॅटर्नचं नाव ऐकून नांदेड, परभणी, हिंगोली, धाराशिव, कुठकुठची पोरं तिथं येतात. गल्लोगल्ली होस्टेलं, खोलीत चार-चार लोखंडी खाटा. जाऊबाईंना बरं नव्हतं म्हणून दिवाळीनंतर मीच फराळाचा डबा घेऊन एसटीनं गेले. लोहा, अहमदपूर, चाकूर करत तिथं पोचले तर पोरीचे दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत लाल गांध्यांनी भरलेले. एका ओळीत तीन-तीन, चार-चार. म्हटलं, "अगं, हे ढेकूण आहेत!" तर ती घाबरून म्हणाली, "काकू, मोठ्यानं नको ना म्हणू. सगळ्या मला घाणेरडी म्हणतील." दोन महिने ती हे ॲलर्जी म्हणून लपवत होती, रात्री दिवा लावून बसून होती, आणि घरी मात्र आम्ही "मार्क का घसरले" म्हणून तिला बोलत होतो.

मैत्रिणींनो, ढेकूण घाणीतून होत नाहीत. ते ट्रंकेतून, गादीतून, एसटीच्या सीटवरून, कुणाच्याही सामानातून येतात. स्वच्छ घरातही येतात. त्यांनी चावून कुठला रोग पसरल्याचं सिद्ध झालेलं नाही. पण झोप घालवतात, आणि लातूरला पोरं झोप आणि अभ्यास यांच्याच हिशोबावर जगत असतात.

रेक्टरबाईंना भेटले. चांगल्या बाई होत्या, पण वैतागलेल्या. "अहो, दर महिन्याला फवारणी करतो आम्ही. कंत्राट आहे वर्षाचं." मी विचारलं, "खाटा उलट्या करून मारतात का? गाद्यांच्या शिवणीत?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. पुतणी हळूच म्हणाली, "फरशीवर मारतात, काकू." फरशीवर! ढेकूण काय फरशीवर फिरायला येतात? ते खाटेच्या सांध्यात, गादीच्या काठात, भिंतीच्या चिरेत, स्विचबोर्डाच्या मागे बसतात.

त्याहून वाईट पुढे कळलं. मागच्या फवारणीला मुली क्लासला गेल्या असताना अकरा वाजता औषध मारलं, खिडक्या बंद केल्या आणि संध्याकाळी मुली येऊन तिथंच झोपल्या. रात्री दोघींना उलट्या. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणतं औषध मारलं होतं?" रेक्टरबाईंना माहीत नाही. कंत्राटदाराचा फोन लागेना. बिलावर? 'ढेकूण फवारणी'. बस्स. मुली सकाळपर्यंत बऱ्या झाल्या, ही देवाची कृपा.

सगळ्यांवर ती होतेच असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळ कुंद्रत्तूर इथं एका घरात पेस्ट कंट्रोलवाल्यांनी उंदरांसाठी जागोजागी विष ठेवलं. कुटुंब रात्री एसी लावून त्याच घरात झोपलं. दोन लहान मुलं गेली, आईबाप दवाखान्यात. आपल्याकडे धान्यात टाकायची ती गोळी माहीत आहे ना, सेल्फॉससारखी? ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. हवेतल्या ओलाव्यानंसुद्धा तिच्यातून विषारी वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. काही दीडशहाणे ढेकणांसाठी ती बंद खोलीत ठेवतात. शेजारच्या खोलीत माणसं झोपलेली असतात! ही गोळी राहत्या जागेत कुणीही, कितीही खात्री देऊन ठेवू म्हणाला, तरी साफ नाही म्हणा. तुमच्या घरातल्या कोठीतही नको. आपला कडुनिंबाचा पाला बरा.

मग रेक्टरबाईंच्या ऑफिसात बसून आम्ही दोघींनी कंत्राटाचा कागद वाचला. त्यांनी तो सही करताना वाचला नव्हता, जसा मी माझा वाचला नव्हता. त्यात 'मासिक फवारणी' होती, पण ढेकणांचं गणित महिन्याचं नाहीच. औषधानं अंडी खात्रीनं मरत नाहीत. आपल्या हवेत आठवड्या-दहा दिवसांत ती फुटतात. मोठं व्हायला पिल्लाला पाच वेळा कात टाकावी लागते, आणि दर वेळी आधी रक्त प्यावं लागतं. म्हणून पहिल्या फवारणीनंतर दहा ते चौदा दिवसांत दुसरी हवी. महिन्यानं आलात तर नवी पिढी तयार! शिवाय नेहमीच्या औषधांना ढेकूण आता पुष्कळ ठिकाणी दाद देत नाहीत. एकच औषध वर्षभर मारत राहिलं की उरतात ते पक्के. खोली रिकामी ठेवून ढेकूण उपाशी मारू म्हणाल तर तेही नाही, ते महिनोन् महिने उपाशी राहतात.

शेवटी उपयोगी पडला तो आजीचा उपाय. पूर्वी बाजा अंगणात काढून सांध्यांत उकळतं पाणी ओतायचे, आठवतंय? मागच्या पिढीत टिक-२० ची बाटली आली आणि बायका ते विसरल्या. लोखंडी खाटेला उकळत्या पाण्यासारखा उपाय नाही. अंडीसुद्धा मरतात. एका शनिवार-रविवारी मुलींना घरी पाठवलं, खाटा गच्चीवर काढल्या, सांधे उघडून उकळतं पाणी ओतलं, चादरी-अभ्रे गरम पाण्यात भिजवले. ज्या गाद्यांच्या शिवणी काळ्या ठिपक्यांनी भरल्या होत्या त्या टाकून दिल्या. भिंतीच्या चिरा पुट्टीनं बुजवल्या. आणि मग कंत्राटदाराला बोलावून चिरांत, चौकटीत, स्विचबोर्डांच्या कडांना, जिथं मारायचं तिथं मारून घेतलं. बाराव्या दिवशी पुन्हा. दोन खोल्यांत तिसऱ्यांदाही करावं लागलं, उगाच फुशारकी कशाला मारू! गाद्यांचा खर्च झाला म्हणून मालकांनी कुरकुर केली. दोन मुलींच्या वडिलांनी मुक्काम हलवायची भाषा केली तेव्हा कुरकुर थांबली.

तुम्ही म्हणाल, हे सगळं विचारायचा आपल्याला काय अधिकार? आहे की! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आली. तिच्यात पाऊण सभासद पालक आणि एकूण निम्म्या बायका असल्याच पाहिजेत. बहुतेक जणी सभेला जातात, चहा घेतात, सही करतात. पुढच्या सभेला कीटकनियंत्रणाची फाइल मागा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली, १९७१ च्या नियमांप्रमाणे, हा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो आणि तो कृषी खात्याकडून मिळतो. त्याची प्रत फाइलला आहे का ते बघा. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. मुलांच्या खोलीत कुणी लाल त्रिकोणाचा डबा आणला तर दारातच थांबवा. डबा आपल्यासमोर फोडायला सांगा. बाहेरून कालवून आणलेलं, कोल्ड्रिंकच्या बाटलीतलं औषध घेऊच नका. आणि औषधाचं नाव बिलावर लिहून घ्या, कंपनीचं नव्हे, औषधाचं. मध्यरात्री डॉक्टरांनी विचारलं तर तेच सांगायचं असतं.

पोषण आहाराच्या खोलीबद्दल तर एक शब्दही ऐकून घेऊ नका. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी शाळेतलं जेवण जेवून तेवीस मुलं मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतीचं कीटकनाशक होतं. औषधाचा उरलेला डबा, पंप, रिकामी बाटली, काहीही तांदळाच्या खोलीत क्षणभरसुद्धा ठेवायचं नाही. कंत्राटदार "उद्या नेतो, बाई" म्हणाला तर आजच ने म्हणा. आमच्या पहिल्या कंत्राटदारानं अर्धी बाटली मामांना 'लागली तर असू द्या' म्हणून दिली होती. मामांनी ती कुठे ठेवली असेल? तिखटाच्या डब्यामागे! वर्षभर ती तिथं होती, आणि रजिस्टरासाठी सगळी कपाटं उपसली तेव्हाच सापडली.

आमच्या शाळेचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. त्याच दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्या माणसाला बोलावलं, ज्याच्या कोटेशनात ड्रिलिंग होतं त्याला. गृहस्थ आले ते पंप न घेता. बॅटरी आणि पेचकस घेऊन तासभर नुसते भिंती ठोकत हिंडले. ऑफिसच्या मागच्या भिंतीपाशी थांबून म्हणाले, "मॅडम, ही नळाची तोटी किती दिवस गळतेय?" आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. "आधी ती बदला, भिंत वाळू द्या. ओल आहे तोवर वाळवी येणारच. मी चार दिवसांनी येतो." मला तो माणूस तिथंच पटला. चार दिवसांनी आले, तीन दिवस काम केलं, भोकं बुजवली, आणि भोकं कुठे कुठे आहेत याचा हातानं काढलेला नकाशा फाइलला लावून दिला. पैसे पहिल्याच्या चौपट गेले. निम्मे कामावर दिले आणि निम्मे पुढच्या पावसाळ्यानंतर, तपासणी झाल्यावर. ही अट मोठ्या बाईंनी घातली आणि त्यांनी ती हसत मान्य केली.

कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. जुन्या रजिस्टरांच्या पानापानाचे फोटो काढून ठेवले. हे काम दहावीच्या मुलींनी नाताळच्या सुट्टीत केलं, आणि त्यात एकीला तिच्या पणज्याचं नाव सापडलं. ती सगळ्या शाळेला दाखवत फिरली.

ऑफिसातल्या कालनिर्णयवर मामा आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी लाल पेननं 'ठोकणे' असं लिहून ठेवतात. त्या दिवशी पेचकस घेऊन चौकटी ठोकत हिंडतात, पोकळ आवाज आला की मला हाक मारतात. २०२५ च्या पावसाळ्यात एकदा आली हाक. ग्रंथालयाच्या दाराच्या चौकटीत, खालच्या बाजूला, मातीची बोटभर रेघ. फोन केला, ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी आले, तेवढ्या भागात पुन्हा भोकं पाडून औषध घातलं. हमीच्या काळातलं, म्हणून पैसे घेतले नाहीत. ती रेघ मी मुद्दाम पुसू दिली नाही. दोन आठवड्यांनी टोकरून पाहिली तेव्हा आत कोरडी माती होती, एकही किडा नव्हता.